पोटात गोळा आणणारं टार्गेट: सारखे विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचं रजिस्ट्रेशन उघडलं की आमच्या पुण्याच्या रनिंग ग्रुपमध्ये दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात. गंमत म्हणजे त्यातले निम्मे प्रश्न पळण्याचे नसतातच, झेपेल का, घरचे काय म्हणतील, फजिती झाली तर काय, असलेच असतात. दर वेळी टाइप करून कंटाळा येतो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी कोच नाही, डॉक्टर तर अजिबातच नाही, बरीच वर्षं पळतोय आणि नवीन मंडळींना रविवारी सकाळी तळजाईच्या टेकडीवर ओढून नेतो, एवढीच माझी पात्रता.

मला सोसायटीला दोन राउंड मारले तरी धाप लागते. डायरेक्ट २१ किलोमीटर घाटाचं टार्गेट ठेवणं वेडेपणा नाही का?

आहे थोडा. पण "आता रोज थोडं चालायला जाईन" हा जो शहाणपणाचा संकल्प असतो ना, तो एक जानेवारीला सुरू होतो आणि संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत संपतो, कारण त्यात न केल्याने काही बिघडतच नाही, आज नाही गेलो तर उद्या जाऊ. घाटाची तारीख ठरलेली असते, पैसे भरलेले असतात आणि घाट काही तुमच्यासाठी सपाट होणार नसतो. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं यावरच काम केलं, आणि त्यांचं म्हणणं साधारण असं की अवघड आणि नेमकं टार्गेट दिलं की माणसं "जमेल तेवढं कर" म्हटल्यापेक्षा चांगलं काम करतात. पण त्यांच्या अटीही आहेत, त्या लोक विसरतात. ते टार्गेट तुम्ही मनापासून घेतलेलं पाहिजे, आपण कुठवर आलो हे मधेमधे कळत राहिलं पाहिजे, आणि मुळात ते तुमच्या कुवतीत, निदान कुवतीच्या आसपास तरी असलं पाहिजे. म्हणजे आज धाप लागते आणि हातात सात-आठ महिने आहेत, तर घाट कुवतीच्या आसपास आहे. हातात तीन आठवडे असतील तर नाही, तेव्हा पुढच्या वर्षी या.

आम्हाला तर लहानपणापासून शिकवलंय, अंथरूण पाहून पाय पसरावेत.

पैशाच्या बाबतीत अगदी खरंय, होम लोन घेताना विसरू नका. पण शरीराचं अंथरूण वापरलं की वाढतं, हा फरक आहे. फक्त ते सगळीकडून सारखं वाढत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. दम सुधारायला लागतो तो काही आठवड्यांतच, त्यामुळे दीड-दोन महिन्यांत माणसाला वाटायला लागतं की आपण आता हवेत. पण टेंडन म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, हाडं, टाचेच्या मागची ती जाड शीर, यांना त्याच तयारीला कितीतरी महिने जास्त लागतात. म्हणजे छाती म्हणते चल अजून पाच किलोमीटर आणि नडगी म्हणते थांब बाबा, आणि आपण ऐकतो छातीचं. नवीन माणसांची नडगी दुखते, टाच दुखते, गुडघा धरतो, ते बहुतेक याच काळात. त्यामुळे पाय पसरा, पण एका आठवड्यात वीतभरच.

टार्गेट पुरेसं मोठं आहे की उगाचच अचाट आहे, हे ओळखायचं कसं?

माझी एक साधी ट्रिक आहे. कागद घ्या आणि "हे करायला आज माझ्याकडे काय काय नाही" याची यादी लिहा. एकही ओळ लिहावी लागली नाही तर टार्गेट फारच छोटं आहे, ते पुढच्या रविवारी करून टाका आणि विषय संपवा. यादी लिहिता आली, म्हणजे दम नाही, चढाची सवय नाही, वजन दहा किलो जास्त आहे, सकाळी उठवत नाही, आणि तरी पोटात गोळा येतोय, तर ते बरोब्बर टार्गेट. आणि यादी लिहायला बसलात पण काय लिहायचं तेच कळत नाहीये, नुसती छाती धडधडतेय, तर तुम्हाला त्या गोष्टीची अजून माहितीच नाहीये, आधी ज्यांनी केलंय त्यांच्याबरोबर चहा प्या. भीती अशी ओळीओळीत लिहून काढली की तिचाच टाइमटेबल होतो, मला तरी या सगळ्या प्रकारातला हाच भाग सगळ्यात कामाचा वाटतो, मेडल-बिडल नंतरचं.

तो घाट नक्की आहे तरी कसा? युट्यूबवर बघितला, काही कळत नाही.

युट्यूबवर चढ कधीच कळत नाही, कॅमेरा सगळं सपाट करतो. ही रेस २०१२ पासून होतेय. साताऱ्यात गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं, वर वळायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. म्हणजे पहिला अर्धा भाग जवळजवळ चढच. पावसाळ्याचा शेवट असतो, त्यामुळे गावातून निघताना दमट गरम होतं आणि घाटात शिरलं की धुकं, मधेच सर, मधेच थंडगार वारा. पहिल्या वळणापर्यंत सगळे गप्पा मारत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गप्पा बंद होतात आणि नुसते बुटांचे फचफच आवाज येतात, कुणाच्या तरी घड्याळाचं बीपबीप, बाजूला डोंगरावरून येणाऱ्या पाण्याचा आवाज. मग कुठेतरी ढोल किंवा लेझीम ऐकू येतं, शाळेची पोरं हात पुढे करून टाळ्या द्यायला उभी असतात, आणि चालायला लागलेला माणूस त्या पोरांसमोर लाजून पुन्हा पळायला लागतो, वळण संपलं की परत चालतो. सगळेच करतात, त्यात काही नाही.

नवीन लोक फसतात ते उतारावर. वर पोचलो म्हणजे जिंकलो असं वाटतं आणि सुटतात खाली धाडधाड, रस्ता ओला, मांड्यांना ब्रेक लावायची सवय नाही, आणि शेवटी गावात शिरल्यावर गोळे येतात. म्हणून प्रॅक्टिसमध्ये उतारही पळायचा, फक्त चढून रिक्षाने खाली यायचं नाही (हो, असे लोक आहेत).

तयारीला किती महिने? आणि आठवड्यातून किती दिवस?

शून्यापासून सुरू करत असाल तर सात-आठ महिने धरा, आधीच दहा किलोमीटर आरामात होत असतील तर चार पुरे. आठवड्यातून तीन-चार दिवस पळणं, दोन दिवस ताकदीचे व्यायाम म्हणजे बैठका, पायऱ्या, पोटाचे, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी, पूर्ण म्हणजे पूर्ण. सुरुवातीला एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं अर्धा तास. लोकांना हे कमीपणाचं वाटतं पण मधेमधे चालून फुल मॅरेथॉन करणारे जगात ढिगाने आहेत. बाजूच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच स्पीड, वाक्य तुटायला लागलं की हळू.

रविवारी लांब रन, दर आठवड्याला थोडा वाढवत, आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी. चढाला पुण्यात तोटा नाही, तळजाई, पर्वती, बोपदेव घाट, सिंहगडाची पायवाट. मुंबईवाले नॅशनल पार्कात कान्हेरीच्या रस्त्याला जातात, नाशिकवाल्यांना पांडवलेणी. नागपूरच्या आमच्या मित्राकडे टेकड्यांची तशी बोंबच, तो फ्लायओव्हरवर येरझाऱ्या घालतो, ट्रॅफिक पोलीस आता त्याला ओळखतात.

डॉक्टरांना विचारायलाच पाहिजे का?

हो. चाळिशी ओलांडली असेल, बीपी, शुगर, सिगरेट, किंवा घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास असेल तर आधी तपासणी, ईसीजी आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट. बायकांनी हिमोग्लोबिन नक्की बघा, धाप लागण्याचं कारण कधीकधी एवढंच निघतं. पळताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर असं काही झालं तर थांबायचं, गॅसेस असतील म्हणून ढकलायचं नाही. ताप असताना पळायचं नाही. ब्रुफेनसारखी पेनकिलर घेऊन रेस पळायची नाही, घामाने पाणी कमी झालेलं असताना किडनीवर ताण येतो. आणि पाणी तहान लागेल तसं प्या, प्रत्येक टेबलावर बाटली रिकामी केलीच पाहिजे असं नाही, जास्त पाण्यानेही रक्तातलं सोडियम घसरून माणूस आडवा होतो.

भीती वाटणारं टार्गेट घ्यायचं म्हणजे भीतीकडे दुर्लक्ष करायचं असा अर्थ काही लोक काढतात, आणि हा प्रश्न मला दर वर्षी त्यांच्यामुळेच परत लिहावा लागतो.

चार लोकांत सांगू का? स्टेटस टाकला की मागे फिरता येणार नाही ना.

मला स्टेटसवाला प्रकार फारसा पटत नाही. स्टेटस टाकला की शंभर जण अंगठे आणि अग्निज्वाळा पाठवतात, आपल्याला वाटतं झालंच की काम, न पळताच रनर झालो. पीटर गोलविट्झर यांच्या टीमने २००९ मध्ये याच धर्तीचे निष्कर्ष मांडले होते, आपल्याला काय बनायचंय हे दुसऱ्याने ऐकून घेतलं, त्याची दखल घेतली, की पुढची मेहनत कमी होऊ शकते. त्यापेक्षा दोनच जणांना सांगा, पण असे दोघं जे पहाटे फोन करून "खाली उभा आहे, ये" म्हणतील. नातेवाइकांच्या ग्रुपवर तर टाकूच नका, तिथे एक काका असतातच जे गुडघ्याच्या वाट्या कशा झिजतात याचा फॉरवर्ड पाठवतात.

सकाळी उठवतच नाही. अलार्म बंद करून झोपतो. काय करू?

इच्छाशक्ती वगैरेच्या भानगडीत पडू नका, पहाटे साडेचारला ती कुणाकडेच नसते. याच गोलविट्झर यांची एक जुनी कल्पना आहे, जर-तरची. "मी नियमित पळेन" असं ठरवायचं नाही, "जर अलार्म वाजला तर मी काही विचार न करता बाथरूमचा दिवा लावेन" असं ठरवायचं. एवढंच छोटं. जर पाऊस असेल तर जिना, पाच राउंड. जर ऑफिसमुळे रात्री उशीर झाला तर सकाळी फक्त वीस मिनिटं. निर्णय आदल्या दिवशी जागेपणी घेऊन ठेवायचा म्हणजे झोपेतल्या माणसाला मतदानाचा हक्कच राहत नाही. बूट-मोजे दाराशी, चार्जर बेडरूमच्या बाहेर. आणि रात्री अकरापर्यंत सिरीज बघून साडेचारला उठायचं हे गणित कुणालाच सुटलेलं नाहीये, खरा बदल सकाळी नाही, रात्री दहाला करावा लागतो.

घरात दोन मुलं, सासूबाई, नोकरी. सकाळचा डबा कोण करणार? पुरुषांना सोपं आहे हे सगळं.

सोपं आहेच, वाद नाही. पुरुष पहाटे पळायला गेला की घर म्हणतं काय शिस्त आहे, बाई गेली की विचारतं डब्याचं काय. तसं बायकांवर बंदी घालण्यात लांब पल्ल्याचं पळणं काही कमी नव्हतं, दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन १९२१ पासून चालू आहे पण बायकांना अधिकृतपणे पळू दिलं ते १९७५ मध्ये.

आमच्या ग्रुपमध्ये एक ताई आहेत, बँकेत आहेत, त्यांनी काय केलं तर कॅलेंडरच्या पानावर रेसच्या दिवसाला लाल गोल केला आणि ते स्वयंपाकघरात लावलं, मंगळवार-गुरुवारच्या डब्यासमोर नवऱ्याचं नाव लिहिलं. परवानगी मागितली नाही, कळवलं फक्त. पहिले काही आठवडे पोरांनी डब्यात करपलेली पोळी नेली, नंतर नेली नाही, म्हणजे नवऱ्याला जमायला लागली. टार्गेट मोठं आणि तारखेचं असल्याचा हा एक फायदा असतो, "मी जरा चालून येते" हे कुणीही मोडीत काढतं, "सप्टेंबरात घाट आहे" हे मोडायला घरच्यांना जरा जड जातं. अंधारात एकटीने जायचं नसेल तर ग्रुपबरोबर या, कमी दिवस आलात तरी चालेल. एकटीच पळणार असाल तर लोकेशन घरी शेअर ठेवा आणि कानात इअरफोन नको.

टायमिंग किती ठेवू? मित्र म्हणतो अडीच तासांच्या आत नाही केलं तर काय उपयोग.

मित्राला म्हणावं तू कर. पहिल्यांदा करताय ना, मग टायमिंगचं टार्गेट नकोच. नवीन आणि गुंतागुंतीच्या कामात आकड्याचं टार्गेट दिलं तर माणूस उलट गोंधळतो, तिथे काहीतरी शिकण्याचं टार्गेट जास्त चालतं, हेही लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवलंय. म्हणून पहिल्या घाटाला टार्गेट असं ठेवा की चढावर श्वास बिघडू द्यायचा नाही, आदल्या रात्री काय खाल्लं की पोट नीट राहतं ते शोधायचं, उतारावर पावलं छोटी ठेवायची. ऑफिशियल कटऑफ, म्हणजे पोचायची शेवटची वेळ, मात्र त्या वर्षीच्या रेसच्या साइटवर बघून ठेवा. दुसऱ्या वर्षी करा काय करायचं ते मिनिटांचं.

आणि नाहीच जमलं तर? अर्ध्यात सोडावं लागलं तर लोक हसतील.

कोण हसणार? जे सोसायटीच्या बाकावर बसून हसतील त्यांचं काय घेऊन बसलात. मघाशी कॉम्रेड्सचं नाव आलं, तिथलंच सांगतो. दर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्गच्या मधलं साधारण ८७ ते ९० किलोमीटरचं डोंगराळ अंतर, एका वर्षी चढाकडून, एका वर्षी उताराकडून. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या विक क्लॅपम यांनी मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी ही रेस सुरू केली, पहिल्या वर्षी ३४ जण निघाले आणि १६ पोचले. आता वेळ आहे बारा तास. बारा तास झाले की फिनिशला एक माणूस पळणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक उडवतो, पाठ यासाठी की समोर कोण येतंय हे बघून हात थांबू नये. त्यानंतर एका सेकंदाने आलेल्यालाही मेडल नाही. आणि तरी दरवर्षी तिथे माणसं त्या बंदुकीच्या पलीकडे राहतात आणि पुढच्या वर्षी परत फॉर्म भरतात. पुण्या-मुंबईतूनही बरेच जातात, त्यातले काही मेडल घेऊन येतात, काही बंदूक ऐकून येतात.

अर्ध्यात सोडलं तर एक काम करा, दोन दिवसांनी (त्याच दिवशी नाही, त्या दिवशी फक्त झोपा) परत ती सुरुवातीची यादी काढा आणि बघा कुठली ओळ कच्ची राहिली. बहुतेक वेळा एक किंवा दोनच निघतात. आणि रस्ता कापून शॉर्टकट मारू नका हो, प्रत्येकाकडे चिप असते, वाटेत ती टिपणारे मॅट असतात, पकडले जातात लोक, आणि मग खरंच हसतात.

साताऱ्यानंतर काय? फुल मॅरेथॉन, मग कॉम्रेड्स?

घाई कशाला. ४२.१९५ किलोमीटर म्हणजे दोन हाफ नव्हे, तिसाव्या किलोमीटरनंतर वेगळीच रेस सुरू होते, शरीरातली साठवलेली साखर संपत येते आणि डोकं भांडायला लागतं. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून जानेवारीत होते, आणि वर्षानुवर्षं तिथे पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे यायचा, नेमका माणूस संपलेला असताना. गाडीतून जाताना तो चढ आहे हेसुद्धा कळत नाही. रूट बदलत असतो तेव्हा त्या वर्षीचा नकाशा बघा. कॉम्रेड्ससाठी आधी फुल मॅरेथॉन ठरलेल्या वेळेत करून क्वालिफाय व्हावं लागतं, आणि विमान, व्हिसा, राहणं धरून खर्च लाखांत जातो, तेव्हा इथे मात्र अंथरूण बघाच.

मला पळणं आवडतच नाही. दुसरं काही चालेल का?

चालेल की. सायकलवाल्यांची बीआरएम असते, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस. रेस नाही ती, पहिला नंबर वगैरे काही नाही, वेळेत पोचलात की झालं, म्हणून नवीन माणसाला उत्तम. नाशिकचे डॉक्टर महेंद्र आणि हितेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये दोघांची टीम म्हणून अमेरिकेतली रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले, जवळजवळ ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत, आणि दोघं पेशाने डॉक्टर, व्यावसायिक खेळाडू नव्हेत. पोहणाऱ्यांना धरमतर ते गेटवे हे समुद्रातलं अंतर आहे. व्यायामच नको असेल तर गाण्याची परीक्षा द्या, चारशे लोकांसमोर भाषण करा, पन्नाशीत कन्नड शिका. यादी, तारीख आणि खाली येऊन हाक मारणारे दोघं, एवढं असलं की बाकी तेच.

पण यातून माणूस म्हणून खरंच काही सुधारणा होते का, की नुसतेच फोटो?

खरं सांगायचं तर दोन्ही प्रकार बघितलेत. भिंतभर मेडल लावून घरात कुणाशी धड न बोलणारे आहेत, रविवारच्या लांब रनपायी पोराचा वाढदिवस विसरणारे आहेत. ऑफिसात बॉससमोर तोंड न उघडणारा माणूस घाट चढून आला म्हणून सोमवारी वाघ होत नाही, हे मोटिव्हेशनवाले लोक जे विकतात ते खोटं आहे. जे होतं ते फार साधं असतं. झोप सुधारते. "आज नको" म्हणणाऱ्या आपल्याच आवाजाची ओळख होते, तो दर वेळी तीच चार कारणं देतो हे लक्षात येतं. आणि पुढच्या वेळी काही मोठं समोर आलं, आईचं ऑपरेशन, नोकरी बदलणं, काहीही, तेव्हा काही जण हातात कागद घेऊन यादी करायला बसतात. सगळे नाही. काही जण.

बूट कुठले घेऊ?

दुकानात संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा आणि दुकानातच थोडं पळून बघा. सगळ्यात महाग म्हणजे सगळ्यात चांगला असं काही नाही. पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की बदला. आणि रेसच्या दिवशी नवीन बूट घालणार असाल तर आधी मला फोन करा, मी शिव्या देतो.

रविवारी पाऊस असेल तर रन कॅन्सल का?

नाही. साताऱ्यात पाऊस असणारच आहे तर इथे कशाला सुट्टी. विजा कडाडत असतील तरच कॅन्सल, तसं पाच वाजता मेसेज टाकतो. येताना मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी, कोरडा टी-शर्ट आणि चहाचे सुट्टे पैसे आणा, टपरीवरच्या मावशींचं नेटवर्क पावसात जातं.